तरुण बास्केटबॉलपटूचं आक्रमण कसं जोखावं

अमेरिकेत कॉलेजात सामन्यामागे वीस गुण करणारा पोरगा एनबीएतही, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्येही, तेवढेच करेल, असं धरून चालू नका. कॉलेजात सगळा संघ त्याच्याभोवती खेळतो. वर गेल्यावर चेंडू हातात येण्याचीच मारामार. म्हणून किती गुण केले यापेक्षा त्यातले कोणते गुण वर टिकतील, हे शोधायचं.

आधी आकडे उरकून घ्या. फ्री थ्रोंची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची) संख्या ०.४४ ने गुणा, त्यात घेतलेले सगळे शॉट्स, आत गेलेले आणि हुकलेले, मिळवा, बेरजेची दुप्पट करा आणि तिने गुणांना भागा. १५ शॉट्स आणि ५ फ्री थ्रो घेऊन १८ गुण केले असतील तर उत्तर येतं ०.५२. एनबीएची अलीकडची सरासरी ०.५८ च्या आसपास आहे. म्हणजे हे १८ गुण दिसतात तितके भारी नाहीत.

नंतर नेमबाजी, आणि फसगत इथेच सर्वात जास्त होते. २०११ चा ड्राफ्ट घ्या, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याचा कार्यक्रम. अ‍ॅरिझोनाच्या डेरिक विल्यम्सने त्या मोसमात तीन गुणांचे ७४ पैकी ४२ शॉट्स टाकले होते, म्हणजे जवळपास ५७ टक्के. तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. सॅन डिएगो स्टेटच्या कवाय लेनर्डचे दोन मोसमांत मिळून जेमतेम २५ टक्के. तो थेट पंधरावा. एनबीएत विल्यम्स ३० टक्क्यांच्या आसपास राहिला, तर लेनर्डने पहिल्याच मोसमात ३७ टक्क्यांच्या वर मजल मारली. गंमत म्हणजे शेवटच्या कॉलेज मोसमात दोघांचेही फ्री थ्रो सुमारे ७५ टक्के होते! फ्री थ्रोची रेषा दोघांना एकाच रांगेत बसवत होती. ५७ आणि २५ हे दोन्ही आकडे तुटपुंज्या शॉट्सवरचे होते. विल्यम्सचे फक्त दहा शॉट्स हुकले असते तरी ५७ चे ४३ झाले असते. फ्री थ्रोत अंतर तेच, समोर कुणी नाही. मनगट खरं बोलतं. शिवाय कॉलेजातली तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएतली मध्यभागी ७.२४ वर. पोरगा रेषेला पाय चिकटवून मारतो की दोन पावलं मागूनही तितक्याच सहज, हे बघाच.

आता व्हिडिओ. हायलाइट्स नकोत, आख्खा सामना लावा आणि एकेक चाल मागे नेऊन पाहा. तो ड्रिबल करत आत घुसतो. त्याचा खांदा डिफेंडरच्या कमरेपलीकडे गेला का? गेला, तर कोपऱ्यातला दुसरा डिफेंडर मदतीला धावेल. खरी परीक्षा त्या अर्ध्या सेकंदात आहे. पाय जमिनीवर असतानाच त्याने मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात पास दिला, की आधी उडी मारली आणि हवेत माणूस शोधत बसला? उडी मारून मग विचार करणारे टर्नओव्हर देतात, म्हणजे चेंडू गमावतात. एनबीएत डिफेंडरला कुणाला मार्क न करता रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्यामुळे आत जायला वाट जरा मोकळी मिळते. पण आडवा येणारा हात बराच लांब असतो. कमकुवत हाताने, बोर्डाचा आधार घेत लेअप (रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट) टाकता येतो का, तेही टिपा.

पुढे दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू दुसऱ्याकडे असताना तो कंबरेवर हात ठेवून उभा राहतो की स्क्रीन लावतो (साथीदारासाठी डिफेंडरची वाट अडवतो), कट मारतो (रिंगकडे झटकन धावतो), जागा बदलतो? पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला बहुधा हेच काम येणार.

वय विसरू नका. एकोणीस वर्षांच्या पोराने केलेले पंधरा गुण मला बावीस वर्षांच्याच्या वीसपेक्षा मोलाचे वाटतात.

शेवटी तगड्या संघाविरुद्धचा एक सामना निवडा आणि त्याचे सगळे बास्केट कागदावर उतरवा. जे निव्वळ ठेंगण्या डिफेंडरच्या डोक्यावरून किंवा नुसत्या धसमुसळेपणाने आले, त्यांवर काट मारा. उरलेले मोजा आणि आपला अंदाज तारीख घालून लिहून ठेवा. दोन वर्षांनी तो कागद काढून बघायला मजा येते, थोडी लाजही वाटते.