कॅज्युअल्टीतला मोबाइल: ट्रॉमा डॉक्टरांनी सोशल मीडियावर या चुका टाळाव्यात

अपघातातला रुग्ण स्ट्रेचरवर येतो तेव्हा अनेकदा शुद्धीत नसतो. शुद्धीत असला तरी ‘माझा फोटो काढू नका’ म्हणायची ताकद त्याच्यात नसते. ट्रॉमा टीमच्या हातून मोबाइलवर होणाऱ्या चुकांचं मूळ इथे आहे. रुग्णाने नकार दिलेला नसतो, आणि घाईत तोच होकार धरला जातो.

‘सर, प्लीज सजेस्ट’

रात्री दोनला ऑर्थोच्या (हाडांच्या विभागाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे फिल्मचा फोटो पडतो आणि खाली एवढीच ओळ असते. नाव लपवायला फोटो कापताना कोपऱ्यातली ‘आर’ किंवा ‘एल’ची खूणही कापली गेलेली असते, त्यामुळे पाय डावा की उजवा हेच कळत नाही. आधी नावावर कागदाची पट्टी धरा, मग फोटो काढा, खूण आत राहू द्या. फ्लॅश बंद ठेवा. व्ह्यू बॉक्ससमोर सरळ उभे राहा. हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा फोटोत यायला हवा, आणि दोन्ही व्ह्यू (समोरून आणि बाजूने घेतलेले) पाठवायला हवेत. कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो घेतला की त्यावर तिरक्या रेघा उमटतात आणि बारीक फ्रॅक्चर त्यात हरवतं. शक्य असेल तिथे मूळ इमेज नाव काढून सेव्ह करा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, कारण साधा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप त्याचा दर्जा कमी करतं. सीटी स्कॅनचा एकच स्लाइस (छेद) पाठवून कुणालाही मत देता येत नाही. वरपासून खालपर्यंत स्क्रोल करत व्हिडिओ घ्या, डोक्याला मार असेल तर ब्रेन विंडो (मेंदू नीट दिसणारं सेटिंग) आणि बोन विंडोचा (हाड नीट दिसणारं) वेगवेगळा.

फोटोइतकाच मजकूर महत्त्वाचा. वय, मार कसा लागला, किती वेळ झाला, नाडी, रक्तदाब, जखम उघडी की बंद, फ्रॅक्चरच्या पुढची नाडी लागते का, हे सगळं लिहा. जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारा स्कोअर) नुसता ‘९’ लिहू नका, ‘ई२ व्ही२ एम५’ असा डोळे, बोलणं आणि हालचाल यांत फोडून लिहा. बेरीज तीच राहून रुग्ण अगदी वेगळा असू शकतो.

निळ्या टिक आल्या म्हणजे सल्ला मिळाला असं नाही. मोठ्या ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी उत्तर देईल. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर ऑन-कॉल डॉक्टरला फोन लावा. पुढची नाडी लागत नसेल किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर आधी फोन, मग ग्रुप. सल्ला कोणी दिला आणि किती वाजता, हे केस पेपरवर लगेच उतरवा. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर नंतर ग्रुपवर काहीच सापडणार नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका डॉक्टरने दुसऱ्याचा असा सल्ला घ्यायला हरकत नाही, पण उपचारांची जबाबदारी प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याचीच राहते.

डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही

गोंदण, मंगळसूत्र, गाडीची नंबर प्लेट, मागच्या फळ्यावरची नावं, व्हिडिओत ऐकू येणारी हाक, यांतलं काहीही ओळख पटवतं. तालुक्याच्या गावात तर ‘काल रात्री, घाटात, दुचाकी आणि ट्रक’ एवढंच पुरे, बाकीचं स्थानिक वर्तमानपत्रात आलेलंच असतं. शिकवण्यासाठी केस टाकायची असेल तर काही आठवडे थांबा, तारीख आणि ठिकाण गाळा, ‘चाळिशीतला दुचाकीस्वार’ इतकंच लिहा. नाव झाकायला मोबाइलमधला हायलायटर वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो आणि ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव वाचता येतं. तो भाग कापून टाका.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नातेवाइकाने केलेली सही फोटोसाठी चालत नाही. त्यासाठी वेगळं, मराठीतलं संमतीपत्र हवं. फोटो कुठे दिसणार, कशासाठी, आणि नाही म्हटलं तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. रुग्ण शुद्धीवर आला की त्यालाच पुन्हा विचारा. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये हा प्रश्नच येत नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

आणखी एक गैरसमज आढळतो. सोशल मीडियावर वेगळा भाग असलेले राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे डॉक्टरांसाठीचे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून काही जण आता मोकळीक आहे असं समजतात. तशी मोकळीक नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे जुने नियम लागू आहेत आणि रुग्णाची गुप्तता त्यांतही बंधनकारक आहे.

अर्धवट माहितीचे कार्ड

‘रक्तस्राव? ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड द्या’ (हे रक्तस्राव कमी करणारं औषध) असं कार्ड सोशल मीडियावर खूप फिरतं, आणि नेमकी वेळ त्यावर नसते. या औषधाच्या क्रॅश-२ या मोठ्या चाचणीत (२०१०) पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम ८ तासांत दिला होता. फायदा दिसला तो इजेनंतर ३ तासांच्या आत दिलेल्यांत, उशिरा दिलेल्यांत अपायच दिसला. म्हणून कार्डावर वेळेची मर्यादा, ते कोणासाठी आहे आणि बनवल्याची तारीख हवीच. सामान्य लोकांसाठीच्या रीलमध्ये औषधाचं नावच नको. जखमेवर घट्ट दाब द्या, घुसलेली वस्तू उपसू नका, १०८ ला फोन करा, एवढं शिकवा.

रक्ताच्या आवाहनाचंही तसंच. तारीख नसलेला मेसेज महिनोन्‌महिने फिरतो आणि नातेवाइकाचा फोन वाजतच राहतो. रक्तगट, रक्तपेढीचं नाव आणि ‘अमुक तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत’ लिहा, रुग्णाचं नाव लिहू नका. त्याआधी ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर रक्तपेढ्यांतला साठा पाहा.

चुकून गेलंच तर

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ लगेच दाबा. सुमारे दोन दिवसांनंतर तो पर्याय राहत नाही, आणि गॅलरीत उतरलेली प्रत त्याने पुसली जाईलच असं नाही. ग्रुपमधल्या प्रत्येकाला गॅलरी आणि बॅकअपमधून फोटो काढायला सांगा. वैद्यकीय अधीक्षकांना कळवा आणि रुग्णाला किंवा घरच्यांना स्वतः सांगा. एमएलसीची (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी) केस असेल तर फोटो पुसण्याआधी एक प्रत रुग्णालयाच्या नोंदीत जाऊ द्या. मग सेटिंग्जमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, गूगल फोटोजमधला व्हॉट्सॲप फोल्डरचा बॅकअप बंद करा आणि पोस्टिंग संपलेल्या इंटर्न्सना ग्रुपमधून काढा.