ग्रंथालयासाठी पद मागायचंय? आधी पेपर नीट मोजा

विद्यापीठाचे संशोधन-पेपर मोजून ग्रंथालयात संशोधन साहाय्यासाठी एक पद मागणारा माझा पहिला प्रस्ताव एका प्रश्नावर अडला. वित्त अधिकाऱ्यांनी विचारलं, "वार्षिक अहवालातल्या आकड्यापेक्षा तुमचे पेपर जास्त कसे?" मला उत्तर देता आलं नाही. फाइल परत आली. ते अजून टोचतं.

घोळ असा झाला. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधन-पेपरांची नोंद ठेवणाऱ्या दोन डेटाबेसच्या याद्या मी एकाखाली एक जोडल्या. दोन्हींकडे असलेला पेपर डीओआयवरून (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) ओळखून एकदाच धरायचा, हे ठाऊक होतं. पण एका यादीतून मी नुसता क्रमांक घेतला होता, दुसरीतून पूर्ण लिंक. एक्सेलला ते दोन वेगळे पेपर वाटले. वर रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांनी मिळून लिहिलेला पेपर दोन्ही विभागांत मोजला गेला. म्हणजे एकच पेपर चारदा! तेव्हा लिंकमधला 'https://doi.org/' हा भाग आधी काढून टाका. डीओआय नसेल तर शीर्षक आणि वर्ष डोळ्यांनी ताडून पाहा. विभागवार तक्त्याखाली 'सामाईक पेपर दोन्हीकडे धरले आहेत' असं स्पष्ट लिहा. मराठी नियतकालिकांतले लेख वेगळे मोजा, नाहीतर मराठी विभाग काहीच लिहीत नाही असं दिसेल.

दुसऱ्या विद्यापीठाचा प्रस्ताव मागवून त्यात आपले आकडे भरू नका. ज्येष्ठ मंडळी तसं करायला सांगतात; मला तो सल्ला साफ चुकीचा वाटतो.

आणि नुसते पेपर मोजून पद मिळत नाही. पेपर प्राध्यापकांचे असतात, आपलं काम त्यात दिसत नाही. त्यासाठी नोंदवही ठेवा: तारीख, विभाग, काम, लागलेली मिनिटं. कामं म्हणजे ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) नोंदणी, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात नक्कल आहे का याची साम्य तपासणी, जर्नलची खातरजमा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून "हे जर्नल चालेल का?" हा प्रश्न आमच्याच टेबलावर येतो. ज्या विभागाचे पेपर वाढले, त्याच विभागाच्या नोंदी वाढल्या का, हे शेजारी-शेजारी दाखवा.

घाबरू नका, हे एकट्याने जमतं. रोज १० मिनिटं पुरतात. दुसऱ्या वेळी मी तीच वही घेऊन गेले. पद मंजूर झालं, ११ महिन्यांच्या कंत्राटावर. वही अजून चालू आहे. मुदतवाढ मागायची आहे.