भाड्याचा डीजी जोडताना: नव्या वायरमनने काय बघावं

सोसायटीचा स्वतःचा डिझेल जनरेटर (डीजी) ओव्हरहॉलसाठी बंद ठेवला की ट्रकवरून भाड्याचा सेट येतो आणि लिफ्ट, जिन्यातले दिवे, फायर पंप संध्याकाळच्या आत त्यावर हवे असतात. काम लायसन्सधारक सुपरवायझरच्या देखरेखीखालीच चालतं. हाताखालच्या माणसाला मात्र कारणं कुणी सांगत बसत नाही.

पहिला प्रश्न, केबल लावायची कुठे? घाईत लोक सरळ बसबारला, म्हणजे पॅनेलमधल्या ज्या पट्ट्यांवरून सगळा लोड निघतो त्यांना, लावतात. मेन इनकमर (बाहेरच्या पुरवठ्याचा मुख्य स्विच) चुकून चालू राहिला, तर जनरेटरचे 415 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन पलीकडे 11 केव्ही तयार होतात, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन त्यात सापडतो. म्हणून केबल चेंजओव्हरच्या (मेन की डीजी हे निवडणाऱ्या स्विचच्या) डीजी बाजूलाच. तिथे जुन्या सेटच्या केबली असतात, त्या आधी सोडवून टोकं झाका. नाहीतर जुन्या अल्टरनेटरवर काम करणाऱ्याच्या हाताशी जिवंत वीज पोचते. जुना सेट चुकून सुरू होऊ नये म्हणून त्याची बॅटरीही काढून ठेवा.

125 केव्हीएच्या सेटचा पूर्ण लोडचा करंट साधारण 174 अँपिअर. केबल त्या हिशेबाने घ्या आणि उरलेली लांबी गुंडाळून ठेवू नका, वेटोळ्यात ती तापते. केबलला मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारायचा तो दोन्ही टोकं मोकळी असताना; एव्हीआर (जनरेटरचा व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) जोडलेला असेल तर तोच उडतो.

न्यूट्रल आधी जोडायचा, शेवटी काढायचा. तो ढिला राहिला की एका फेजवर 230 च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात, मग घराघरातले टीव्ही जळतात. बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग.

फेज सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजचा क्रम, मीटरने बघा. मेनचा क्रम आणि डीजीचा क्रम एकच हवा. उलटा असेल तर लिफ्ट निदान क्रम तपासणाऱ्या रिलेमुळे सुरूच होत नाही. फायर पंप मात्र उलटा फिरतो, आवाज नेहमीसारखा येतो आणि प्रेशर चढत नाही. आग लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून पंप चालवून गेज वाचाच.

एएमएफ पॅनेलची (वीज गेल्यावर सेट आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलची) स्टार्टची दोन वायरी नव्या सेटला दिल्यात ना? नसतील तर रात्री वीज गेल्यावर सेट नुसता उभा. शिवाय नव्या सेटच्या बॅटरी चार्जरला 230 व्होल्टचा पुरवठा लागतो, हे हमखास विसरलं जातं.

शेवटी मेन इनकमर पाडून खरी चाचणी घ्या. मोठी मोटर आधी, बाकीचा लोड नंतर. अर्ध्या तासाने केबलच्या टोकांना दाबून बसवलेल्या लगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा; तिन्ही फेजच्या लगपैकी एक बराच गरम असेल तर सेट बंद करून, चेंजओव्हर लॉक करून ते क्रिम्पिंग पुन्हा करा.