टाईल ॲडेसिव्हमध्ये आपल्या मनाचं काही घालू नका: उन्हाळ्यात होणाऱ्या चुका

एप्रिल लागला की सोलापुरात फरशीच्या दर दुसऱ्या कामावर मला तेच बघायला मिळतं. ॲडेसिव्हचं पोतं फोडलं, घमेल्यात ओतलं आणि वरून हाताला लागेल ते घातलं. कुणी सिमेंट घालतं, कुणी वॉटरप्रूफिंगचं लिक्विड, कुणी लवकर सेट होण्याचं औषध, म्हणजे ॲक्सिलरेटर. पोत्यात आधीच काय काय आहे, हे कुणी विचारतच नाही.

सिमेंट आणि चाळलेली वाळू तर असतेच. पण खरं काम करतात त्या वजनाला अगदी थोड्या असलेल्या दोन वस्तू. पहिली सेल्युलोज ईथर. ती पाणी धरून ठेवते, नाहीतर तापलेली भिंत ते बघता बघता पिऊन टाकेल. दुसरी पॉलिमर पावडर. पाणी निघून जाताना तिचे कण एकमेकांत मिसळून रबरासारखा पापुद्रा धरतात. म्हणजे सिमेंटला पक्कं व्हायला पाणी लागतं आणि पॉलिमरला पक्कं व्हायला पाणी जावं लागतं. ही ओढाताण कंपनीने मोजूनमापून बसवलेली असते. आपण त्यात ओंजळभर काही टाकलं की ती बिघडलीच.

जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याचं काम मी विसरणार नाही. दर्शनी भिंत पश्चिमेची, मे महिना, टाईल्स दोन बाय चार फुटी व्हिट्रिफाईड. मालकांना वास्तुशांतीची तारीख गाठायची होती. मी दोन दिवस पंढरपूरच्या कामावर गेलो. इकडे मिस्त्रीने २० किलोच्या पोत्यामागे अर्धं घमेलं सिमेंट घातलं, ‘ताकद यावी’ म्हणून, आणि पाण्यात ॲक्सिलरेटर. परत आलो तर भिंत पूर्ण, दिसायला सुरेख. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

जुलैत मालकांचा फोन आला. “दादा, रात्री मोठा आवाज झाला. दोन टाईल्स पोर्चमध्ये पडल्यात, तुम्ही आत्ताच्या आत्ता या.” त्यांच्या आई रोज सकाळी तिथेच खुर्ची टाकून बसायच्या.

पडलेली टाईल उलटी केली. पाठ जवळजवळ कोरी, कारखान्यातल्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. आणि भिंतीवर दातेरी थापीने ओढलेल्या ॲडेसिव्हच्या ओळी जशाच्या तशा उभ्या, शेतातल्या सरींसारख्या. टाईल बसायच्या आधीच ओळींवर साय धरली होती. ते ॲक्सिलरेटरचं काम. बाकीच्या टाईल्स नाण्याने वाजवल्या, अर्ध्याहून जास्त आतून पोकळ वाजल्या. जिथे चिकटल्या होत्या तिथल्या थरात केसासारख्या चिरा, कारण जास्तीच्या सिमेंटने पॉलिमरचं प्रमाण घटलं, थर आकसला आणि ताठर झाला. ती भिंत दुपारी तापून फुगते, रात्री आवळते; ताठर थर तिच्याबरोबर हलणार कसा? सगळी भिंत उतरवून परत लावली, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून माझ्या साईटवर ॲक्सिलरेटरची बाटली दिसली तर ती आधी बाहेर जाते. काहींत कॅल्शियम क्लोराईड असतं, ते लोखंडाला गंज आणतं. घाई असेल तर फास्ट-सेटिंग प्रकारचंच पोतं घ्या, पोत्यावरच्या दर्जाच्या खुणेत ‘एफ’ लिहिलेलं असतं. बाहेरच्या भिंतीला मी ‘सी२टीई एस१’ या खुणेच्या खालचं घेत नाही: १ न्यूटन प्रति चौरस मिमी पकड, ३० मिनिटांचा ओपन टाईम (माल पसरल्यावर टाईल बसवायला मिळणारा वेळ) आणि थोडी लवचिकता. पैसे वाचवायचे तर टाईल स्वस्त घ्या.

दुसरी चूक म्हणजे, “साहेब, घट्ट झालंय, जरा पाणी मारतो की.” नको. जमायला लागलेला माल पाण्याने मऊ होतो, नवा होत नाही. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे भोकं राहतात. कालवल्यावर पाच मिनिटं ठेवा, सेल्युलोज विरघळू द्या, मग पाणी न घालता पुन्हा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सैल होतं. नव्या पोरांना ही पाच मिनिटंच जड जातात. उन्हाळ्यात मी एका वेळी अर्धंच पोतं कालवतो. पोती सावलीत, पाणी माठातलं, तेही पोत्यावर लिहिलंय तेवढंच मापून.

ओपन टाईमवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो २३ अंशांना, ५० टक्के आर्द्रतेत मोजलेला असतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२ च्या पुढे. बोट लावा. माल बोटाला आला नाही तर खरवडून टाका.

टाईलच्या पाठीवरची पांढरी पावडर ओल्या फडक्याने पुसा. व्हिट्रिफाईड टाईल पाण्यात भिजवू नका, ती अर्धा टक्काही पाणी पीत नाही. कोपऱ्यांत गोळे ठेवून टाईल दाबू नका.

आणि दुसऱ्या दिवशी पाईप घेऊन ‘क्युरिंग’ नको. गिलाव्याची सवय इथे चालत नाही, पॉलिमरला सुकू द्या. साध्या मालात २४ तासांआधी सांधे भरायचे नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर मी आता आदल्या संध्याकाळीच हिरवी नेट बांधतो, सकाळी साडेसहाला काम सुरू, अकराला घमेली धुवून बंद.