लॉगकॅटचा पार्सर लिहिताय? या चुका टाळा

अँड्रॉइड ॲप कुठेतरी अडकतं आणि टेस्टर चाळीस हजार ओळींची लॉगकॅट फाइल, म्हणजे फोनमधल्या घडामोडींची नोंद, पाठवून मोकळा होतो. ती डोळ्यांनी वाचणं शक्य नसतं, म्हणून आपण पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींचा पार्सर, म्हणजे ओळी फोडून माहिती वेगळी करणारा प्रोग्रॅम, लिहितो. लिहायला अर्धा तास पुरतो. तो काय गाळतोय, हे कळायला मात्र कधीकधी दोन दिवस जातात.

माझे असे दोन दिवस गेले आहेत. ब्लूटूथ तुटण्याची तक्रार होती आणि माझा पार्सर सांगत होता की एकही एरर नाही. एरर फाइलमध्येच होत्या, शेकड्यांनी. ब्लूटूथ लायब्ररीच्या टॅगमध्ये (ओळ कुणी लिहिली ते सांगणाऱ्या नावात) स्पेस होती आणि माझ्या रेजेक्सने (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) टॅग म्हणजे एकच शब्द असं गृहीत धरलं होतं. ओळ जुळली नाही की ‘कंटिन्यू’, पुढची ओळ. कुठे नोंद नाही, इशारा नाही.

न जुळलेली ओळ टाकून देणं

सगळ्यात घातक चूक हीच. बाकीच्या चुका निदान दिसतात, ही दिसतच नाही. पार्सर लिहायला घेताना आधी तीन आकडे मोजायची सोय करा: एकूण ओळी, जुळलेल्या ओळी, न जुळलेल्या ओळी. अहवालात हे आकडे सर्वांत वर छापा आणि न जुळलेल्यांपैकी पहिल्या वीस ओळी त्यांच्या क्रमांकासह दाखवा. लॉगकॅटमध्ये ‘बिगिनिंग ऑफ मेन’, ‘बिगिनिंग ऑफ क्रॅश’ अशा डॅशनी सुरू होणाऱ्या विभाजक ओळी असतातच. त्या ओळखून वेगळ्या मोजा. त्यानंतर न जुळलेल्या ओळी शून्यावर आल्या, तरच ‘एरर नाहीत’ या उत्तराला अर्थ आहे.

स्पेसवर ओळ तोडणं

लॉगकॅटच्या थ्रेडटाइम या स्वरूपात ओळीतला क्रम ठरलेला असतो: तारीख, वेळ, प्रोसेस क्रमांक, थ्रेड क्रमांक, पातळीचं (नोंद किती गंभीर ते सांगणारं) एक अक्षर, टॅग, कोलन, संदेश. पण क्रमांक एका रांगेत यावेत म्हणून मध्ये जादा स्पेस भरलेल्या असतात. एकेका स्पेसवर स्प्लिट केलं की रिकामे तुकडे येतात आणि सगळी मोजणी घसरते. स्प्लिटला विभाजक देऊच नका, फक्त कमाल तुकडे ठरवून द्या. पाच वेळा तोडलं की सहाव्या तुकड्यात टॅग आणि संदेश अखंड राहतात. तो तुकडा पहिल्या ‘कोलन आणि स्पेस’ या जोडीवर फोडा, कारण संदेशात पुढे कितीही कोलन असू शकतात. टॅगच्या मागच्या स्पेस नंतर काढा.

इथे एक बारीक खाच आहे. ओळ वाचल्यावर सवयीने स्ट्रिप केलं, म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पेस काढल्या, तर संदेश रिकामा असलेल्या ओळीतली कोलननंतरची स्पेसही जाते आणि ती ओळ जुळत नाही. शेवटची न्यू-लाइन तेवढी काढा.

इतक्या साध्या स्वरूपाला भलंमोठं रेजेक्स लागत नाही. एकामागोमाग ‘काहीही चालेल’ असे तुकडे असलेलं रेजेक्स किती महाग पडू शकतं, ते २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या बंद पडण्यात जगाने पाहिलं.

वर्ष नसलेली तारीख

लॉगकॅटच्या नेहमीच्या टाइमस्टॅम्पमध्ये महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतं. तारीख वाचणारं पायथनचं स्ट्रिपटाइम अशा वेळी १९०० हे वर्ष धरतं. १९०० लीप वर्ष नव्हतं, म्हणून २९ फेब्रुवारीची प्रत्येक ओळ ‘व्हॅल्यू एरर’ देते. २०२४ मध्ये हे झालं, २०२८ मध्ये पुन्हा होईल. वर्ष तारखेला आधी चिकटवा आणि मगच पार्स करा. ३१ डिसेंबरच्या रात्रीची फाइल असेल, तर महिना बारावरून एकवर आल्यावर वर्ष एकाने वाढवा. लॉग तुम्हीच काढणार असाल तर ‘इयर’ आणि ‘झोन’ हे पर्याय जोडा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. पुण्यातला फोन आणि यूटीसीवर चालणारा सर्व्हर यांचे लॉग शेजारी ठेवताना साडेपाच तासांचा घोळ होतो, तोही झोनमुळे टळतो.

एररचा शोध

संदेशात ‘एरर’ हा शब्द शोधू नका. ‘एरर्स: ०’ असं आनंदाने सांगणारी ओळही सापडेल. पातळीचं अक्षर बघा, एररसाठी ते ‘E’ असतं. क्रॅश झाला की ‘फेटल एक्सेप्शन’ या ओळीपासून स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठल्या कॉलमधून आली त्याची यादी, सुरू होतो. साध्या जावा लॉगमध्ये ट्रेसच्या पुढच्या ओळींना टाइमस्टॅम्प नसतो, लॉगकॅटमध्ये मात्र प्रत्येक ओळीला स्वतःचा असतो. शिवाय मध्ये इतर थ्रेडच्या ओळी घुसतात. म्हणून लागून आलेल्या ओळी नव्हे, तर प्रोसेस, थ्रेड आणि टॅग तिन्ही सारखे असलेल्या ओळी एकत्र करा. त्या गठ्ठ्यातला शेवटचा ‘कॉज्ड बाय’ आधी वाचा. मूळ कारण बहुतेक वेळा तिथे असतं.

पार्सर पहिल्याच ओळीवर कोसळला तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, तपासा. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ वापरून साठवलेली फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये जाते, आणि संदेशातली मराठी अक्षरं त्या प्रवासात बिघडूही शकतात. बिघडलेली अक्षरं नंतर परत मिळतीलच असं नाही. लॉग फोनवरच फाइलमध्ये लिहून घ्या आणि एडीबी या अँड्रॉइडच्या जोडणी-साधनातल्या ‘पुल’ कमांडने संगणकावर आणा.