प्राध्यापकांना एआय शिकवायचंय? आधी त्यांची स्लाइड त्यांना ऐकवा

प्राध्यापकांसाठी घेतलेल्या माझ्या पहिल्या कार्यशाळेत मी दोन तासांत चौदा टूल्स दाखवली. सगळ्यांनी वह्या भरभरून लिहून घेतलं, टाळ्या वाजल्या. महिन्याभराने विचारलं तर त्यांतलं एकही टूल कुणी वर्गासाठी वापरलेलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. टूल माझं होतं, उदाहरणं माझी होती, आणि सोमवारी सकाळी नऊच्या तासाला त्यांना स्वतःचा धडा शिकवायचा होता. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाने येत्या आठवड्यात शिकवायची एक फाइल आणायची. स्लाइड्स, नोट्स, प्रॅक्टिकलचं पत्रक, काहीही चालेल, पण खरं आणि स्वतःचं. सगळं काम त्या एका फाइलवर होतं: आधी ती दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही वाचता येईल अशी करायची, मग तिच्यावर एआय वापरायचं.

गट बारा जणांपेक्षा मोठा करू नका. शक्यतो वेगवेगळ्या विभागांतली माणसं घ्या. रसायनशास्त्राच्या मॅडमना समीकरणांची अडचण असते, इतिहासाच्या सरांना स्कॅन केलेल्या कागदांची, आणि एकमेकांच्या अडचणी पाहिल्या की शिकणं पटापट होतं. विभागप्रमुखांपैकी एखादे तरी गटात बसलेले असावेत. उद्घाटन करून निघून जाणारे नव्हे, स्वतःची फाइल घेऊन बसणारे.

पहिला तास: पडदा काळा

मी प्रोजेक्टर सुरूच करत नाही. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आधीच सगळ्या लॅपटॉपवर घालून ठेवते. त्यात ‘स्क्रीन कर्टन’ नावाची सोय आहे, ती पडदा पूर्ण काळा करते. मग गटातल्या कुणाची तरी फाइल, त्यांची परवानगी घेऊन, आवाजावर सोडते.

एकदा अर्थशास्त्राच्या सरांच्या नोट्स लावल्या होत्या. चाळीस पानं, मेहनतीने लिहिलेली. आमच्यासोबत एक दृष्टिहीन विद्यार्थिनी बसली होती. तिने एच हे अक्षर दाबलं. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस ते दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. आवाज आला, पुढे शीर्षक नाही. तिने सरांना सांगितलं, “सर, मला यात ‘वित्तीय तूट’ कुठेय ते हवं असलं की पहिल्या पानापासून ऐकत यावं लागतं.” सर म्हणाले, “पण मी सगळी शीर्षकं ठळक केलीत की.” ठळक अक्षर डोळ्यांना शीर्षक वाटतं. फाइलच्या लेखी तो नुसता जाड मजकूर असतो. वर्डमधली ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ ही स्टाइल लावली तरच त्याचं शीर्षक होतं. सरांनी तिथेच बसून वीस मिनिटांत चाळीसही पानांना स्टाइल्स लावल्या.

त्याच दिवशी दुसऱ्या एका फाइलमधून नुसते इंग्रजी अक्षरांचे तुकडे ऐकू आले. मराठी नोट्स जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं रोमन लिपीतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह. स्क्रीन रीडर तेच वाचतो. मी तोच मजकूर एआय चॅटबॉटमध्ये चिकटवून दाखवला. त्यालाही काही कळलं नाही. मला प्राध्यापकांना जे सांगायचं असतं ते इथे आपोआप सांगून होतं: जी फाइल कानांना नीट वाचता येते, तीच यंत्रालाही नीट वाचता येते. शीर्षकं, युनिकोड, तक्त्याच्या ठिकाणी खरा तक्ता, चित्राला स्क्रीन रीडरला वाचता येईल असं शब्दांतलं वर्णन, एवढं केलं की दृष्टिहीन विद्यार्थ्याची सोय होते आणि एआयकडून कामही चांगलं निघतं. पाया एकच असल्याने हे दोन विषय दोन वेगळ्या कार्यशाळांत शिकवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

विद्यार्थ्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यांना ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून पुढे उभं करू नका. त्यांना तपासनीस म्हणून बोलवा, त्या कामाचं मानधन द्या, आणि त्यांनी काढलेल्या चुका त्याच सत्रात दुरुस्त करा.

दुरुस्तीचा तास

पॉवरपॉइंटमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ (सुलभता तपासणी) आहे. ते दाबलं की उजवीकडे चुकांची यादी येते: शीर्षक नसलेल्या स्लाइड, वर्णन नसलेली चित्रं, शंकास्पद वाचनक्रम. यादी रिकामी झाली म्हणजे काम झालं असं मात्र समजू देऊ नका. चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच ही तपासणी सांगते, ते बरोबर आहे का हे तिला कळत नाही.

रंगाच्या बाबतीत डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सोपा आकडा देतात. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका विरोध (कॉन्ट्रास्ट) हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. फिकट राखाडीवर पांढरं इथेच नापास होतं. आणि ‘लाल रेषा पाहा’ असं म्हणून भागत नाही. रंग न ओळखणाऱ्यासाठी रेषेवर नाव लिहा, एक रेषा तुटक काढा.

पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नये. त्यात शीर्षकांची सगळी रचना गळून पडते. वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ने पीडीएफ करा आणि पर्यायांमध्ये सुलभतेसाठीच्या टॅग्जची (शीर्षक, परिच्छेद, तक्ता कुठला हे सांगणाऱ्या खुणांची) निवड केलेली आहे ना ते बघा. स्कॅन केलेली पानं म्हणजे तर नुसते फोटो. ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून, मजकूर काढावा लागतो, आणि देवनागरीत जोडाक्षरं, रफार आणि आकडे माणसाने पुन्हा वाचावेच लागतात. गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका. वर्डच्या समीकरण संपादकात लिहा, म्हणजे स्क्रीन रीडरला ती वाचता येण्याची शक्यता राहते.

मग एआय

आता एआय आणा. त्याआधी नाही. पहिलं काम द्यायचं चित्रवर्णनाचं, कारण त्यात एआयची ताकद आणि मर्यादा दहा मिनिटांत दिसतात.

जीवशास्त्राच्या एका मॅडमनी तापमान आणि एन्झाइमची क्रियाशीलता यांचा आलेख आणला होता. त्यांनी तो चॅटबॉटला दिला आणि फक्त ‘वर्णन कर’ म्हटलं. उत्तर आलं: निळ्या रंगाचा रेषालेख, तापमान वाढतं तशी क्रियाशीलता वाढते. वाचायला सुबक, शिकवायला चुकीचं. आलेख दाखवायचं कारणच उलटं होतं. मग आम्ही सूचना बदलली:

“हा आलेख पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ठरावीक तापमानानंतर एन्झाइमची रचना बिघडते, हे दाखवण्यासाठी तो वापरतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तीन वाक्यांत वर्णन लिही. अक्षांची नावं आणि एककं सांग. रंगांचा उल्लेख नको. एखादा आकडा नीट दिसत नसेल तर अंदाज करू नकोस, तसं सांग.”

या वेळचा मसुदा बराच जवळ आला. मॅडमनी तो हाताने पुरा केला: “क्रियाशीलता ३७ अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश वाढते, तिथे शिखर गाठते, त्यानंतर झपाट्याने घसरते आणि ६० अंशांना जवळजवळ शून्य होते.” चढ सावकाश आणि उतार तीव्र हे त्यांनी मुद्दाम घातलं, कारण प्रश्न नेहमी त्या उतारावरच असतो. आलेख वर्गात कशासाठी आणला हे फक्त शिक्षकाला माहीत असतं. ते एआयला सांगावं लागतं, आणि सांगूनही शेवटचं वाक्य आपणच लिहावं लागतं. लगेच कुणीतरी विचारतं, हाच आलेख परीक्षेत दिला तर? तेव्हा वर्णनात उत्तर फुटता कामा नये. ‘शिखर कोणत्या तापमानाला आहे?’ असा प्रश्न असेल तर वर्णनात ‘३७ अंशांना शिखर’ असं न लिहिता बिंदूंच्या किमती तक्त्यात द्याव्यात. यावर चर्चा होऊ द्या, घड्याळाकडे बघू नका. प्राध्यापक इथे विषयतज्ज्ञ म्हणून बोलायला लागतात आणि टूलची भीती आपोआप मागे पडते.

दुसरं काम कॅप्शनचं, म्हणजे व्हिडिओतलं बोलणं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या मजकुराचं. तासाचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, आपोआप कॅप्शन काढा आणि ज्याच्या त्याच्याकडून तपासून घ्या. रोजचं बोलणं ठीक उमटतं, परिभाषा घसरते. ‘अम्लाचं संहत द्रावण’चं ‘अंमलाचं संथ द्रावण’ झालेलं मी पाहिलंय. त्याहून घातक म्हणजे गळलेला ‘नाही’. शिवाय काही टूल्स शांततेच्या जागी कुणी न बोललेली वाक्यंही घालतात, म्हणून नुसतं वाचू नका, ऐकत ऐकत तपासा. एक उपाय हमखास उपयोगी पडतो: तासाची पारिभाषिक शब्दांची यादी आधीच एआयला द्या आणि कॅप्शनमध्ये त्या यादीशी जुळणारे चुकलेले शब्द शोधायला सांगा. दुरुस्ती त्याला परस्पर करू देऊ नका, यादी मागा.

हे जमलं की सरावाची उदाहरणं तयार करणं, कठीण परिच्छेदाची सोप्या भाषेतली आवृत्ती, तासाच्या मजकुरातून टिपणं, ही कामं प्राध्यापक स्वतःहून करून बघतात. प्रत्येक वेळी एवढंच विचारत राहा: यातलं तुम्ही काय तपासलंत आणि कशावरून?

एआयला काय द्यायचं नाही

एका कार्यशाळेत एका शिक्षकांनी चांगल्या हेतूने विद्यार्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र चॅटबॉटवर चढवायला घेतलं होतं, परीक्षेत कोणत्या सवलती द्याव्यात हे विचारायला. मी हात धरून थांबवलं. नाव, हजेरी क्रमांक, गुण, अपंगत्वाची कागदपत्रं, विद्यार्थ्याचं लेखन, यांतलं काहीही संस्थेने मान्यता न दिलेल्या टूलमध्ये जाता कामा नये. प्रश्न माणसाशिवाय विचारता येतो: “कमी दृष्टी असलेल्या विद्यार्थ्याला तीन तासांच्या लेखी परीक्षेत कोणकोणत्या सोयी लागू शकतात?” उत्तराचा मसुदा घेऊन मग त्या विद्यार्थ्याशीच बोला. त्याला काय लागतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

‘मुलांनी एआयने लिहिलंय हे ओळखायचं कसं?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला सरळ उत्तर द्या. ओळखणाऱ्या टूल्सवर विसंबून कुणाला दोषी ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण त्याची अचूकता कमी होती. त्याच वर्षीच्या एका संशोधनात असे सात डिटेक्टर तपासले गेले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. आपल्या वर्गातली मुलं म्हणजे नेमकी हीच. शिवाय डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात येणारी अडचण) असलेल्या मुलीसाठी शुद्धलेखन सुधारणारं एआय हा आधार असतो.

म्हणून प्रत्येकाकडून आपल्या एका असाइनमेंटची सूचना त्याच बैठकीत नव्याने लिहून घ्या. कोणत्या टप्प्यावर एआय चालेल, कोणत्या टप्प्यावर नाही, वापरलं तर काय लिहून द्यायचं. पाच ओळी पुरतात. शक्य असेल तिथे उत्तर देण्याच्या पद्धतीही दोन ठेवा, लेखी किंवा तोंडी. मोजायचं असतं ते आकलन. अक्षर किंवा बोलण्याचा वेग मोजायचा नसतो.

तीन आठवड्यांनी

दुसरी बैठक ठरवल्याशिवाय पहिली संपवू नका. मी मध्ये तीन आठवडे ठेवते. तेवढ्या काळात प्रत्येकाने दुरुस्त केलेली फाइल वर्गात वापरायची आणि एका विद्यार्थ्याचं मत घेऊन यायचं. दुसऱ्या बैठकीत पुन्हा पडदा काळा, पुन्हा फाइल आवाजावर. कोण किती पुढे आलं हे सांगावं लागत नाही, ऐकू येतं.

उरलेला वेळ एका कामावर घाला, ज्याकडे सहसा कुणी बघत नाही. ते म्हणजे विभागाचा ठरलेला स्लाइड टेम्पलेट. बहुतेक ठिकाणी त्यात शीर्षकाची खरी चौकट नसते, नुसता मजकुराचा डबा ओढून ठेवलेला असतो, अक्षरं फिकट असतात आणि प्रत्येक स्लाइडवर वर्णनाविना बोधचिन्ह असतं. पॉवरपॉइंटमध्ये सगळ्या स्लाइडची रचना एकाच जागी ठरवणाऱ्या ‘स्लाइड मास्टर’मध्ये जा. शीर्षकाची चौकट घाला, अक्षर २४ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका, रंगाचा विरोध मोजा, बोधचिन्ह पार्श्वभूमीत टाका, आणि मजकुराची भाषा मराठी ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकेल. अर्ध्या तासाचं काम आहे. ते झाल्यावर विभागप्रमुखांकडून जुना टेम्पलेट सगळ्या संगणकांवरून त्याच दिवशी काढून घ्या, नाहीतर सवयीने तोच उघडला जातो.