उन्हाळी मिरचीने मान टाकली तर आधी खत थांबवा

वाफ्यात ओल आहे, तरी दुपारी मिरची मान टाकते आणि पानांच्या कडा करपतात. लगेच ‘मर’ रोग समजून बुरशीनाशक ओतलं जातं, मग ह्युमिक ॲसिड, मग १९:१९:१९ विद्राव्य खत. बऱ्याच रानांत रोग नसतोच, मुळाशी क्षार साचलेले असतात. दुकानदार ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती याचं माप) विचारत नाही, तुम्ही मोजा.

मुळाच्या पेशीचा पडदा पाण्याला सहज वाट देतो, क्षारांना नाही. बाहेरची ओल पातळ असेल तोवर पाणी आत शिरतं. ती खारट झाली की आवक मंदावते, आणि फारच खारट झाली तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं, मीठ लावलेल्या कैरीसारखं.

मातीच्या अर्काची (भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी मिरचीला १.५ डेसीसीमन्स प्रति मीटरपर्यंत चालते. त्यापुढे दर एककाला उत्पादन अंदाजे १४ टक्के घटतं. टोमॅटो २.५ पर्यंत सोसतो, कांदा १.२ लाच कुरकुरतो. बोअरचं पाणीच १.५ असेल आणि लिटरला १ ग्रॅम एमओपी (पालाशचं खत) घातलं, तर ईसी ३.४ च्या आसपास जाते. युरिया मात्र मीटरवर दिसत नाही, पण पाणी तोही ओढतो. आकडा कमी आला म्हणून युरिया ढकलू नका.

शिफारस एकरी ४०:२०:२० किलो नत्र, स्फुरद, पालाश:
– लागवडीला अर्धं नत्र, पूर्ण स्फुरद-पालाश.
– उरलेलं २० किलो नत्र (४३ किलो युरिया) ३० दिवसांनंतर, ठिबकने आठवड्याला ५ किलो युरिया.
– खताआधी आणि नंतर साधं पाणी.

आता वळवाकडे लक्ष द्या. ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरा थर धरलेला असतो. हलकी सर आली की तो थर विरघळून थेट मुळांवर उतरतो, आणि ‘पाऊस झाला, ठिबक बंद करा’ म्हणणाऱ्याचं रान दोन दिवसांत पिवळं पडतं. सर हलकी असेल तर पाऊस चालू असतानाच ठिबक सुरू ठेवा. क्षार बाहेरच्या बाजूला ढकलले जातात.

मान टाकलेल्या रानाला खत बंद, पहाटे साधं पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ. पण भारी काळ्या रानात निचरा नसेल तर हे उलटतं. अन्नद्रव्यं आत ओढायला पेशीला ऊर्जा लागते, ऊर्जेला हवा लागते. वाफसा (ओल आणि हवेचा मेळ) नसलेल्या रानात ओतलेलं खत मुळाबाहेरच पडून राहतं. तिथे आधी चर काढा. जिप्सम (सोडियम हटवणारं भूसुधारक) माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तरच.